कथलाच्या पत्र्यावरची बाई

१

त्या सकाळी शवपेटीवरच्या बाईला चार डोळे होते.

वरचे दोन निळे, जरा बटबटीत. ते आपोलोनियाबाईसाहेबांचे. खालचे दोन तपकिरी, गालांच्या हाडांवर उगवलेले. ते कुणाचे, हे कुणालाच कळेना. नाकाच्या जागी गुलाबी चिखल, ओठ अर्धे पुसलेले. गळ्याखाली मात्र सगळं जिथल्या तिथे होतं. फरची कॉलर, मोत्यांचे तीन सर, जरीचा झगा, कशाला धक्का लागलेला नाही.

मी रेगिना, चित्रकार तोबियाशची बायको. आमच्याकडे जमीनदाराच्या घरात कुणी गेलं की कथलाच्या सहाकोनी पत्र्यावर त्या माणसाचा चेहरा काढतात आणि तो पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून ठोकतात. मेलेला माणूस स्वतःच्या मिस्सेला, शेवटच्या प्रार्थनेला, आलेल्यांना बघत बसतो. मग पेटी जमिनीत जाते आणि पत्रा चर्चच्या भिंतीवर. मोठ्यांच्या मरणावर आमची चूल पेटते. लाज कशाची? कबर खणणाराही जेवतोच की.

त्या दिवशी चर्चचा घंटावाला ब्वाझेय उजाडता उजाडता आमच्या दारावर धडका देत आला.

"तोबियाशला उठवा हो! बाईसाहेबांना सैतानाने धरलंय!"

"तोबियाश उठत नाही," मी म्हटलं. "सैतानाला म्हणावं, दम धर जरा, मी येते."

व्हिएन्नाला तुर्कांना हरवलं त्यानंतरची ती तिसरी थंडी. बर्फ गुडघाभर. चर्चमध्ये पोचले तर गावातली दहाबारा माणसं दाराशी छातीवर क्रूसाची खूण करत उभी. पेटीपाशी फादर विन्सेंती, हात चोळत. त्यांच्या शेजारी आमचे मालक, हिएरोनिम बोरेत्स्की. गेलेल्या बाईचा नवरा. मागे त्यांची मुलगी लुडविका, नखशिखांत काळ्या कपड्यांत. आणि मध्ये, मालकांच्या दोन गड्यांनी दंड धरलेली मोलकरीण बोग्ना. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना गुलाबी रंग लागला होता.

"पहाटे मेणबत्त्या लावायला आली म्हणे," ब्वाझेय माझ्या कानात कुजबुजला. "मी आलो तर चित्रावरचा काळा पडदा हिच्या हातात, आणि बोटं अशी!"

बोग्ना पंचेचाळीसची बाई. मालकांची पहिली बायको, बार्बाराबाईसाहेब, लग्न होऊन आली तेव्हा माहेरून हिला घेऊन आली. बार्बारा पंधरा वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. सात वर्षांच्या लुडविकाला मग बोग्नानेच वाढवलं. दुसरी बायको आपोलोनिया आली, तिने बोग्नाला स्वयंपाकघरातून गोठ्यात धाडलं, दोनदा चाबकाने मारलं. सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळे सगळ्या गावाला उत्तरही आधीच मिळालं होतं.

मालक आवाज न चढवता बोलले. ते कधीच चढवत नाहीत.

"उद्या दुपारी अंत्यविधी. आपोलोनियाचे तिघे भाऊ येतायत, कंबरेला तलवारी लावून. त्यांच्या बहिणीची ही विटंबना ज्या हाताने केली, तो हात उद्या त्यांच्या देखत चर्चच्या पायरीवर तुटेल. शहरातून माणूस बोलावलाय." मग माझ्याकडे वळून, "हे घरी ने. उद्या सकाळी होतं तसं करून आण."

"मालक, तिला विचारलंत का?"

"विचारलं. बोलत नाही."

बोग्ना खरंच बोलत नव्हती. तोंडाला कुलूप. मी पत्रा खाली काढला, खिडकीपाशी नेला आणि नाकाशी धरला. भट्टीच्या कडक दारूचा वास आला. चेहऱ्यावरून बोट फिरवलं. खिळ्याचा ओरखडा नाही, सुरीची खूण नाही. राग आलेला माणूस पहिल्यांदा डोळे फोडतो. इथे कुणीतरी कापडावर दारू घेऊन, हळूहळू, गोल गोल फिरवून, वरचा ताजा रंग काढला होता.

हे चित्र कुणी खराब केलं नव्हतं. कुणीतरी खाली काय आहे ते शोधलं होतं.

२

"फादर," मी बाहेर पडताना म्हटलं, "हे बोग्नाचं काम नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही."

फादर विन्सेंती चांगला माणूस, पण कणा नाही. चर्चचं छप्पर मालकांनी घालून दिलेलं.

"मी काय करू, रेगिनाबाई? ते ऐकतात का माझं?"

"मला विचारपूस करू द्या. संध्याकाळपर्यंत."

"करा. पण माझं नाव घेऊ नका."

घरी आले. तोबियाश भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी पत्रा उजेडात ठेवला आणि पहिल्यांदाच तो नीट पाहिला.

पहिल्यांदाच म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या घरातली एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नाही. तोबियाश चेहरे काढतो, कपडे मी काढते. फर, जरी, लेस, मोती, सगळं माझं. कारागिरांचा संघ बाईला कुंचला धरू देत नाही, म्हणून खाली नाव त्याचं. तीस वर्षं असंच चाललंय. पण या वेळी तो म्हणाला होता, "अगं, तुझी कंबर दुखतेय, कपडेही मीच करतो." मला बरंच वाटलं. दहा दिवस निवांत कोबी खारवत बसले. चित्र त्याने झाकून ठेवलं, झाकूनच चर्चला नेलं. मला शंकासुद्धा आली नाही, एवढी मी मूर्ख.

आता ते कपडे समोर होते, आणि ते तोबियाशच्या हातचे नव्हते. त्याला जन्मात मोती जमला नाही, वाटाणे काढतो. आणि हे मोती कसे? प्रत्येकावर पांढरा थेंब, डावीकडे.

डावीकडे! नऊ वर्षांपूर्वी आमचं जुनं घर जळालं. जुन्या घरात खिडकी माझ्या डाव्या हाताला होती, या घरात उजव्या. नऊ वर्षं मी मोत्यावरची चमक उजवीकडे देते, कारण मला दिसतं ते मी काढते.

बटबटीत निळ्या डोळ्यांच्या आपोलोनियाबाईसाहेब गेल्या ते अकरा दिवसांपूर्वी. आणि त्यांच्या गळ्यातले मोती मी निदान नऊ वर्षांपूर्वी काढलेले होते.

३

"उठा," मी म्हटलं. "अहो, उठा आधी."

तोबियाश उठून बसला. त्याने विचारलंसुद्धा नाही की काय झालं.

"कुणाचा पत्रा हा?"

"मालकांनी दिला."

"मी कुणी दिला विचारलं नाही. कुणाचा?"

तो रडायला लागला. साठीचा माणूस, दाढीत नाक गाळत. मला दया आली नाही, राग आला.

"बार्बाराबाईसाहेबांचा," तो म्हणाला.

पहिल्या बायकोचा. तेरा वर्षं चर्चच्या उत्तरेच्या भिंतीवर होता तो. दोन वर्षांपूर्वी चुना लावायला सगळे पत्रे उतरवले, सगळे परत लागले, हा एक लागला नाही. आपोलोनियाबाईसाहेब म्हणाल्या होत्या, मिस्सेच्या वेळी ही सवत माझ्याकडे टक लावून बघते. पत्रा चर्चच्या मागच्या खोलीत पडला. तोबियाशचं सगळ्यात चांगलं काम ते. मीही मानते.

"मालकांना घाई होती," तो सांगू लागला. "सहा महिने थांबतात लोक, यांना दहा दिवसांत उरकायचं होतं. उपवासकाळ संपला की ईस्टरला तिसरं लग्न ठरवतायत म्हणे. रस्ते बर्फाने बंद, नवा पत्रा मिळेना. मी म्हटलं, मालक, दहा दिवसांत होणार नाही. तर त्यांनी मागच्या खोलीतून हा काढून दिला. म्हणाले, कपडे आहेतच, तोंड बदल."

खरंच होतं ते. आपोलोनिया आल्यापासून पहिलीचीच फर, पहिलीचेच मोती घालत होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ही बोरेत्स्की मंडळी. पत्र्यावरचे कपडे बघून कुणाला संशय येणार?

"आणि तुम्ही बदललंत."

"मला दिसत नाही, रेगिना." तो हळूच म्हणाला. "गेली दोन वर्षं नीट दिसत नाही. नवं सगळं काढायला घेतलं असतं तर तुला कळलं असतं. तोंडापुरतं जमेल वाटलं. तेसुद्धा दोन बोटं वर गेलं."

म्हणून चार डोळे. दोन वर्षं एका ताटात जेवतोय आणि मला पत्ता नाही. पण रडत बसायला वेळ नव्हता. बोग्नाचा हात उद्या दुपारपर्यंतच तिचा होता.

"खाली बार्बारा आहे, हे अजून कुणाला माहीत होतं?"

"मला आणि मालकांना. बस."

ही दोन माणसं तर रंग पुसणार नाहीत. म्हणजे तिसरं कुणीतरी होतं, ज्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि तरी कळलं होतं.

४

आधी ब्वाझेयला गाठलं. घंटेच्या दोरीखाली बसून तो कांदा खात होता.

"तुझी दारू कुठंय?"

"कसली दारू? चर्चमध्ये दारू?"

"ब्वाझेय, घंटेच्या लाकडामागे बाटली ठेवतोस हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पुतळ्यांनासुद्धा."

त्याने मान खाली घातली. "गेली. काल दुपारी भरलेली होती, संध्याकाळी रिकामी. देवाशपथ, मी नाही प्यालो. आणि हो, मी प्यालो असतो तर आठवलं नसतं, पण नाहीच प्यालो."

"काल दुपारी इथे कोण होतं?"

"धाकट्या बाईसाहेब. लुडविकाताई. पेटीपाशी जागत बसल्या होत्या, एकट्या. पाय गारठले म्हणाल्या, मला घरून निखारे आणायला पाठवलं. आलो तोवर त्यांनी चित्रावर काळा पडदा सोडलेला. म्हणाल्या, उद्यापर्यंत राहू दे झाकलेलं."

"सावत्र आईसाठी जागत होती?"

"मलाही नवल वाटलं. जिवंत असताना तर एका खोलीत बसत नव्हत्या."

बोग्नाला धान्याच्या कोठारात कोंडलं होतं. गडी माझ्या ओळखीचा. सोडलं त्याने आत. ती पोत्यावर बसली होती, हात मांडीत घेऊन.

"बोग्ना, मला कळलंय. तू पुसलं नाहीस. तू नुसता पडदा उचललास, आणि खाली कुणाचं तरी कापड पडलेलं दिसलं. रंगाने भरलेलं. बरोबर?"

तिने बोटं मुठीत दडवली.

"ते कापड कुठंय?"

"निखाऱ्यात गेलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "रेगिनाबाई, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मी हात दिला तर कुणाचं काय जातं?"

"तुझा जातो ना, बये!"

"माझाच जाऊ दे. पोरगीला मठात धाडतायत ईस्टरनंतर. हुंडा वाचावा म्हणून. पापाचा डाग लागलेली म्हणून धाडली तर तिथे मरेपर्यंत फरशा पुसेल ती. आत्ता निदान मानाने जाईल."

एवढं बोलून तिने तोंड फिरवलं.

मी मालकांच्या मोठ्या घरी गेले. लुडविका जेवणघरात एकटी बसली होती. समोर उकडलेलं अंडं आणि राय धान्याच्या पिठाचं आंबट सूप. चूल ढणढण पेटलेली, मला घाम फुटला. आणि ही मुलगी काळे हातमोजे घालून अंडं सोलत होती.

मी समोर बसले. न विचारता. माझ्या वयाला तेवढं चालतं.

"ताईसाहेब, मोजे काढा."

तिची बोटं थांबली.

"पत्र्यावर दारूचा वास आहे. ज्याने पुसलं त्याला नासधूस करायची नव्हती, खालचं माणूस बाहेर काढायचं होतं. म्हणजे खाली कोण आहे ते त्याला माहीत होतं. तोबियाशला माहीत होतं, तुमच्या वडलांना माहीत होतं. त्यांनी हे केलं नाही. राहिलं कोण? जिने सात वर्षांची असल्यापासून दर रविवारी त्याच पत्र्याकडे बघून मिस्सा ऐकली, ती."

लुडविकाने मोजे काढले. नखांच्या कडांना गुलाबी रंग होता.

"मधल्या सरातला तिसरा मोती," ती म्हणाली. "आईच्या अंत्यविधीला मी पेटीजवळ उभी होते. मोती खरा वाटला, म्हणून अंगठा लावला. रंग ओला होता. ठसा उमटला. बोग्नाने मला मागे ओढलं. तेरा वर्षं मी खालून तो ठसा बघत आले. आणि काल बघते तर तो हिच्या गळ्यात." तिने अंडं ताटात आपटलं. "माझी फर घेतली, मोती घेतले, माझी खोली घेतली, घेऊ दे म्हटलं. पण ही तर माझ्या आईच्या तोंडावर बसली हो!"

"मग थांबलात का मध्येच?"

"बाटली संपली. आणि आईचे डोळे दिसले. मला पुढे काही सुचलंच नाही."

"आणि सकाळी? बोग्नाला धरलं तेव्हा?"

"मी तोंड उघडणार होते. तिने माझ्याकडे बघून मान हलवली." लुडविका टेबलाकडे बघत राहिली. "खोटं कशाला बोलू? मी घाबरले. तिने मान हलवली याचं मला बरं वाटलं."

"आता?"

ती उठली. "आता चला. वडलांना सांगते."

ती दाराकडे वळली तेव्हा दार उघडंच होतं, आणि उंबऱ्यात मालक उभे होते.

५

त्यांनी सगळं ऐकलं होतं. फादर विन्सेंतींना बोलावून घेतलं, दार लावलं, आणि खुर्चीत बसले.

"बाबा, मी केलं," लुडविका म्हणाली. "बोग्नाला सोडा."

"तू काही केलेलं नाहीस."

"मी सांगतेय ना..."

"तू काही सांगितलेलं नाहीस. फादर, तुम्ही काही ऐकलंत?"

फादरांनी जमिनीकडे पाहिलं. मेल्या माणसाला तरी लाज वाटली असती.

"मालक," मी म्हटलं, "पत्रा तुम्ही दिलात. तोंड बदल असं तुम्ही सांगितलंत."

"माझा पत्रा. माझ्याच बायका. दोघी." त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "मला लाज नाही वाटत त्याची, रेगिना. गैरसोय वाटते. आपोलोनियाच्या भावांना कळलं की त्यांच्या बहिणीला मी जुन्या पत्र्यावर बसवलं, तर ते पेटी उचलून घरी नेतील आणि तिचा हुंडाही मागतील. म्हणून लुडविकाने काही केलेलं नाही आणि खाली कुणी नाही. विटंबना झाली, लोकांनी पाहिली. ती कुणीतरी केली असली पाहिजे. बोग्ना म्हातारी आहे."

एवढंच. कोडं सुटलं होतं, चौघांनी ऐकलं होतं, आणि कोठारातल्या बाईला त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. मला वाटलं होतं, खरं काय ते शोधलं की काम संपलं. कसलं काय!

पण एक गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. ती माझ्याकडे होती.

"उद्या दुपारी पेटीला तोंड लागेल," मी म्हटलं. "बारा कोसांत दुसरा चित्रकार नाही. बोग्नाचा हात तुटणार असेल, तर पेटी बिनतोंडाची जाईल. मग सांगा भावांना काय सांगायचं ते."

मालक चक्क हसले.

"बोल."

"विटंबना झालीच नाही असं सांगा. तेल कच्चं होतं, रंग ओघळला. दोष आमचा."

"आणि खालचे डोळे?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"तुझ्या आंधळ्या नवऱ्याने डोळे आधी चुकीच्या जागी काढले होते. म्हातारा, डोळे कुठे असतात ते विसरला. असं सांगेन. आणि यानंतर त्याला या मुलखात कुणी काम देणार नाही. चालेल?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि त्यांना होतं.

"चालेल."

"माझी एक अट. त्याच पत्र्यावर, आणि आधी खालचं सगळं खरवडायचं. कथील दिसेपर्यंत. पुन्हा कुणाला दारूची बाटली घेऊन यावंसं वाटता कामा नये. माझा गडी समोर बसेल."

लुडविका खाली बसली. माझ्या घागऱ्याला धरून. जमीनदाराची मुलगी, चित्रकाराच्या बायकोपुढे.

"नका हो. रेगिनाबाई, नका. दुसऱ्या कशावर काढा. फळीवर काढा. पाया पडते."

"ताईसाहेब," मी म्हटलं, "उद्या दुपारी चर्चच्या पायरीवर एक हात ठेवणार आहेत. तुम्हीच सांगा, मी काय करू."

तिने घागरा सोडला नाही. आणि नकोही म्हणाली नाही.

६

तोबियाशने पत्र्याला हात लावायला नकार दिला. "एकदा मारलं मी तिला," म्हणाला, "पुन्हा नाही." सोपं असतं असं म्हणणं. कुणीतरी दुसरं करणारं घरात असलं की फार सोपं असतं.

मी सुरी गरम केली आणि खरवडायला बसले. समोर मालकांचा गडी, टोपी मांडीवर घेऊन. पंधरा वर्षांचा रंग दगडासारखा झाला होता, पापुद्र्या पापुद्र्याने निघत होता. खरं सांगते, मी तिच्याकडे बघितलं नाही. सुरीच्या टोकाकडे बघत राहिले. तिच्याकडे बघितलं असतं तर माझा हात चालला नसता. गडी तेवढा एकदा म्हणाला, "छान होत्या हो बार्बाराबाईसाहेब." मी म्हटलं, "गप बस."

कथील चमकलं तेव्हा थांबले. मग जवसाच्या तेलात मुर्दाडशिंगाची पूड घालून उकळलं, म्हणजे रंग लवकर वाळतो. आपोलोनियाचा तोबियाशने कोळशाने काढलेला कच्चा कागद होता, तो समोर लावला. तीस वर्षांत मी एक चेहरा काढलेला नव्हता. हा पहिला. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा उभा राहिला. तोबियाश कोपऱ्यातून म्हणत होता, "डाव्या डोळ्याखाली हिरवट सावली दे, नाहीतर बाहुली दिसेल." दिली.

अंत्यविधी थाटात झाला. आपोलोनियाचे भाऊ चित्रापुढे ढसाढसा रडले. थोरला म्हणाला, जिवंत बसलीय जशी. शहरातून आलेला माणूस आपली हत्यारांची पेटी न उघडता, जेवून परत गेला. मालकांनी वचन पाळलं. तोबियाशची चारचौघांत चेष्टा केली, लोक हसले, तोही हसला.

बोग्नाला सोडलं तेव्हा ती आमच्या घरावरून गेली. मी दारात होते. वाटलं, थांबेल. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. "मी एका हाताने गाई धुतल्या असत्या. पोरीला आता बघायला काय राहिलं?"

आणि गेली. मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा रडले.

ईस्टरनंतर मालकांचं लग्न झालं, आणि त्याच आठवड्यात लुडविका मठात जायला निघाली. गाडी आमच्या दारात थांबवून आत आली. अंगावर साधा राखाडी झगा. बसायला सांगितलं तर बसली.

"रागावून नाही आले," ती म्हणाली. "एक मागायचंय. मला आईचा चेहरा आठवत नाहीसा झालाय. परवापर्यंत आठवत होता. मठात जाण्याआधी एका लहानशा कागदावर काढून द्याल?"

"मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, ताईसाहेब."

"मी पाहिलंय," कोपऱ्यातून तोबियाश म्हणाला. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. "मी सांगतो. तू काढ, रेगिना."

मी कोळसा घेतला. तो सांगत गेला. कपाळ रुंद. भुवया सरळ, डावी जराशी तुटलेली. डोळे खोल. वरचा ओठ पातळ. मी एकेक शब्द ऐकून एकेक रेघ ओढली. लुडविका माझ्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. भुवई तुटलेली काढली, ओठ पातळ काढला. जीव ओतला. आणि कागद लांब धरून पाहिलं, तर मला जो एकच चेहरा काढता येतो तोच तिथे होता. आपोलोनियाचा.

पुसला, पुन्हा काढला. पुन्हा तीच.

"झालं का?" तोबियाशने विचारलं. "आली का तशी?"

लुडविकाने माझ्या हातातून कोळसा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"आली," ती त्याला म्हणाली. मग माझ्या गालाला ओठ लावले, कागद तिथेच ठेवला, आणि गाडीत जाऊन बसली.